मंगळवार, रात्री साडेनऊ : ‘द डेना कार्व्ही शो’चं प्रकरण

१२ मार्च १९९६. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर ‘होम इम्प्रूव्हमेंट’चा भाग नुकताच संपलाय. ड्रिल-हातोडीचं वेड असलेला बाप, समजूतदार बायको, तीन मुलगे आणि कुंपणापलीकडून शहाणपण सांगणारा शेजारी. अख्ख्या घराने सोफ्यावर बसून बघावी अशी मालिका, लोकप्रियतेच्या यादीत वरच्या दहांत बसणारी. पोरं अजून जागी आहेत. रिमोटला कुणी हात लावलेला नाही. पुढचा कार्यक्रम नवीन आहे आणि त्यातला माणूस ओळखीचा आहे, म्हणून सगळे बसून राहतात.

पडद्यावर राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय. बिल क्लिंटन झालेला डेना कार्व्ही कॅमेऱ्यात बघत जनतेला सांगतो की मी या देशाचा बाप आहेच, आता आईही होणार आहे. त्यासाठी हार्मोन्सचे उपचार घेतले आहेत. एवढं बोलून तो शर्ट उघडतो. खाली रबरी स्तन. आधी बाहुलीचं बाळ त्याला लावलं जातं, मग कुत्र्याची पिल्लं. पिल्लं मात्र खरी, जिवंत, चुळबुळ करणारी, आणि ती चक्क लुचू लागतात. स्टुडिओतले प्रेक्षक हसतात, किंचाळतात, मध्येच हे आपण काय बघतोय अशा आवाजात थांबतात.

हे ‘द डेना कार्व्ही शो’ या विनोदी कार्यक्रमाच्या पहिल्या भागातलं पहिलंच स्किट. ३० एप्रिलला सातवा भाग दाखवला गेला आणि कार्यक्रम बंद झाला. चित्रीकरण झालेला आठवा भाग तसाच डब्यात राहिला.

त्यानंतर आजवर या कार्यक्रमाबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक, हा काळाच्या पुढचा कार्यक्रम होता आणि सोफ्यावरच्या मठ्ठ प्रेक्षकांनी तो मारला. दोन, हा काही गुणी पोरांचा वाह्यातपणा होता आणि बंद पडला ते बरंच झालं. मला दोन्ही पटत नाहीत. त्यातही पहिलं जास्त खटकतं, कारण ते फार आवडीने आणि फार हुशार माणसांकडून बोललं जातं.

पाटी एकाची, माल दुसऱ्याचा

कार्व्ही अमेरिकेला माहीत होता तो ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या शनिवारी रात्री साडेअकराला लागणाऱ्या स्किटांच्या कार्यक्रमामुळे. १९८६ ते १९९३ या काळात त्याने तिथे जी पात्रं उभी केली त्यांची वाक्यं लोकांच्या तोंडी बसली. नाक मुरडत प्रत्येकात सैतान शोधणारी चर्च लेडी, ऑस्ट्रियन ढंगात बोलणारा पहिलवान, आणि सगळ्यांत गाजलेली थोरल्या जॉर्ज बुश यांची नक्कल. १९९२ची निवडणूक हरल्यावर डिसेंबरात बुश यांनी या नक्कलकाराला व्हाइट हाऊसवर बोलावलं, हिरमुसलेल्या कर्मचाऱ्यांना हसवायला. आपल्याकडचा एखादा पराभूत मुख्यमंत्री वर्षा बंगला सोडताना स्वतःच्या नकलाकाराला बोलावतोय असं चित्र डोळ्यांपुढे आणून बघा. कार्व्हीच्या विनोदाची जात त्यातून कळते. तो बोचकारायचा, पण रक्त काढायचा नाही. ज्याची नक्कल व्हायची त्यालाही हसू यायचं.

त्या मंगळवारी लोक बसून राहिले ते या कार्व्हीसाठी.

पण लेखकांची खोली वेगळ्याच मातीची होती. कार्यक्रमाचा सहनिर्माता रॉबर्ट स्मायगल आणि मुख्य लेखक लुई सी.के. हे दोघेही कॉनन ओब्रायनच्या ‘लेट नाइट’ या गप्पांच्या कार्यक्रमातून आलेले. तो कार्यक्रम रात्री साडेबाराला लागायचा. त्या वेळी जागे असतात ते कॉलेजची पोरं, रात्रपाळीवाले आणि निद्रानाश झालेले. त्यांना विचित्र, अर्धवट तुटलेला, कशावरच न थांबणारा विनोद चालतो. किंबहुना तोच हवा असतो. लेखकांच्या त्याच टोळीत चार्ली कॉफमन होता. पुढे पटकथेसाठी ऑस्कर मिळवणारा हा माणूस तेव्हा साप्ताहिक स्किटं पाडत होता. शिकागोच्या ‘सेकंड सिटी’ नाट्यसंस्थेतून दोन तिशीतले नट आले होते, स्टीव्ह करेल आणि स्टीफन कोल्बेअर. ही नावं त्या वेळी कुणाच्या गावीही नव्हती.

म्हणजे लेखक साडेबाराचे, नायक शनिवारी रात्री साडेअकराचा आणि जागा मिळाली मंगळवारी साडेनऊची. त्यात अमेरिकेतल्या वेळेची एक गोम आहे. पूर्व किनाऱ्यावर जो कार्यक्रम साडेनऊला लागतो तो देशाच्या मधल्या पट्ट्यात, शिकागोत, डॅलसमध्ये, मिनियापोलिसमध्ये, साडेआठला दिसतो. साडेआठ म्हणजे शाळेत जाणारं पोर घरात हमखास जागं असण्याची वेळ. पिल्लांना पाजणारे राष्ट्राध्यक्ष त्या पोराने बघितले, आणि शेजारी बसलेल्या आईने पोराला ते बघताना बघितलं. माझ्या मते या प्रकरणाची मेख इथे आहे. विनोद किती चांगला होता हा त्यानंतरचा प्रश्न.

तमाशाचा क्रम बघा. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, शेवटी वग. देवाला हात जोडून होतात, मावशी आणि पेंद्या थट्टा करतात, सोंगाड्या चार चिमटे काढून समोरचा बाज बघतो, आणि कुठे हात घालायचा आणि किती, हे त्याला कळल्यावरच खरी टवाळी सुरू होते. सत्तेची, पाटलाची, सरकारची अशी सालटी काढतात की ज्याचं नाव ते. फडाला हा क्रम शिकवावा लागत नाही, कारण समोरून पागोटं उडतं की दगड येतो हे त्याच रात्री कळतं. इथे गणही नाही आणि गवळणही नाही, थेट वगाचा सगळ्यांत उघडा प्रवेश. तोही दुसऱ्याच्या मांडवात, दुसऱ्याने जमवलेल्या गर्दीपुढे.

असं करणाऱ्यांना आपण काय करतोय हे कळत नव्हतं असं म्हणता येत नाही. क्लिंटनचं स्किट पहिलं ठेवायचं हा ठरवून घेतलेला निर्णय होता. आम्ही कोण आहोत ते पहिल्या पाच मिनिटांत कळू दे, असा तो पवित्रा. धाडस म्हणून मला तो आवडतो. पण दारात पाहुण्याच्या अंगावर पाणी ओतायचं आणि पाहुणा परत गेल्यावर त्याला विनोदबुद्धी नाही म्हणायचं, हे काही बरोबर नाही.

प्रायोजकाचं मीठ

दुसरी गोष्ट नावाची. कार्यक्रमाचं नाव दर आठवड्याला बदलायचं. पहिल्या भागाचं पूर्ण नाव ‘द टॅको बेल डेना कार्व्ही शो’. पुढे कधी ‘मग’ नावाची रूट बिअर (एक थंड पेय), कधी माउंटन ड्यू. त्या काळी ही सगळी मंडळी पेप्सिकोच्याच घरातली. ‘अमुक मसाले प्रस्तुत, तमुक साबण सहप्रायोजित’ हे ऐकत वाढलेल्या आपल्याला यात विशेष वाटणार नाही. अमेरिकेतही टीव्हीच्या बाल्यावस्थेत हीच पद्धत होती. मिल्टन बर्लचा कार्यक्रम टेक्साको या तेल कंपनीच्या नावाने ओळखला जायचा, कोलगेटच्या नावाचा विनोदी तास होता. पुढे ती पद्धत मागे पडली. कार्व्हीच्या मंडळींनी ती थट्टा म्हणून परत आणली. सुरुवातीलाच नाचगाणं, त्यात प्रायोजकाचा उदोउदो, आणि तो उदोउदो इतका अंगाबाहेर की कार्व्ही पैशासाठी विकला गेलाय हे गाणंच सांगतंय.

कल्पना म्हणून फर्मास आहे. व्यवहार म्हणून मात्र ती खाल्ल्या मिठाला न जागण्याची जाहीर घोषणा होती. पहिल्या भागानंतर टॅको बेलने अंग काढून घेतलं. त्यांचं तरी काय चुकलं? टॅको विकणाऱ्या कंपनीने आपलं नाव राष्ट्राध्यक्षांच्या रबरी स्तनांच्या डोक्यावर झळकलेलं बघितलं. शेवटी शेवटी तर न्यूयॉर्कमधल्या एका स्थानिक चायनीज रेस्टॉरंटचं नाव शीर्षकात आलं. देशभर दिसणाऱ्या वाहिनीवरच्या कार्यक्रमाला गल्लीतलं हॉटेल प्रायोजक, हा त्या मालिकेतला माझा सगळ्यांत आवडता विनोद आहे. पण तो विनोद होईपर्यंत खेळ संपत आला होता, हेही त्यातच दिसतं.

वाहिनीची अवस्था काय होती तेही बघायला हवं. एबीसीची मालकी डिस्नेकडे गेल्याचा व्यवहार फेब्रुवारी १९९६ मध्ये, म्हणजे कार्यक्रम सुरू होण्याच्या महिनाभर आधी पुरा झाला होता. त्याच महिन्यात खुद्द क्लिंटन यांनी सही केलेल्या दूरसंचार कायद्यात टीव्ही संचांत व्ही-चिप बसवण्याची तरतूद होती. आईबापांना नको ते कार्यक्रम घरात रोखता यावेत म्हणून. कार्यक्रमांना वयानुसार शिक्के मारण्याची पद्धत सुरू झाली ती पुढच्या वर्षी, जानेवारी १९९७ मध्ये. म्हणजे मुलांपुढे काय दिसावं यावर देशभर चर्चा पेटलेली, सावधानतेचा शिक्का अजून आलेला नाही, आणि मिकी माउस नवा मालक. आणि पुढच्याच महिन्यात ही पिल्लं.

‘अमेरिकन लोक सोवळे, म्हणून कार्यक्रम पडला’ असं म्हणणाऱ्यांना मी एकच गोष्ट विचारतो. त्याच वाहिनीवर, त्याच मंगळवारी, अवघ्या अर्ध्या तासाने, दहा वाजता ‘एनवायपीडी ब्लू’ ही पोलिसांवरची मालिका लागायची. त्यात उघडी अंगं होती आणि शिव्या होत्या. १९९३ मध्ये ती मालिका आली तेव्हा अनेक स्थानिक केंद्रांनी ती दाखवायला नकार दिला होता. तरीही ती बारा वर्षं चालली. लोकांना काय बघायला मिळणार ते माहीत होतं, पोरं झोपायला पाठवली होती, आणि दहाचे ठोके पडले होते. तेच प्रेक्षक, तीच सोफ्याची जागा. सोवळेपणाचा मुद्दा इथे टिकत नाही.

वेटरांना उमाळे

आता विनोदाकडे येऊ, कारण सगळा दोष घड्याळावर टाकला तर लेखकांना फुकट सोडल्यासारखं होईल, आणि त्यांचं श्रेयही बुडेल.

सात भागांत उत्तम काय होतं? माझ्या लेखी सर्वांत वर ते वेटरांचं स्किट. करेल आणि कोल्बेअर हॉटेलातले वेटर, आणि दोघांनाही अन्नाची शिसारी आहे. बस, एवढीच गोष्ट. टेबलाशी उभं राहून आजचे खास पदार्थ सांगायचे, आणि एकेका पदार्थाच्या नावासरशी पोटातून उमाळा. चेहरा आदबशीर, आवाज आदबशीर, मध्येच गळ्याची घाटी वर येते, गाल फुगतात, तो गिळतो, माफी मागतो आणि पुढचा पदार्थ सांगायला घेतो. गंमत सगळी त्या गिळण्यात आहे. ओकारीवरचा विनोद कुणीही करेल. ओकारी दाबून ‘वर लोण्याचा सॉस’ म्हणणारा माणूस मात्र आपल्याला ओळखीचा असतो. नोकरीत कधी ना कधी आपण सगळ्यांनी ते गिळलेलं आहे.

दुसरं, छान छान बोलणाऱ्या जर्मनांचं. तेच दोघे गुरकावत, डोळे वटारत, जर्मन हेलात कौतुकाची आणि मायेची वाक्यं ओरडतात. शब्द मधाचे, आवाज पहाऱ्यावरच्या शिपायाचा. मिनिटभरात संपतं आणि संपायलाच हवं असतं.

काही वर्षांपूर्वी न्यू जर्सीत राहणारा भाचा याच कार्यक्रमाची डीव्हीडी घेऊन आला होता, म्हणून ही दोन्ही मी घरात लावून बघितली. जेवणं नुकतीच उरकलेली, ताटं अजून ओट्यावर. वेटर पहिल्यांदा उमाळला तशी माझी सत्तरीची मावशी म्हणाली, “शी! बंद कर रे, आत्ता पोटात गेलंय.” भाचा हसून हसून खुर्चीवरून घसरायचा राहिला होता. मावशी आत गेली. जर्मनांच्या वेळी मात्र ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, इंग्रजी हेल फारसा न समजताही खुदकन हसली आणि म्हणाली, “आमचे आप्पा असेच होते. ‘जेवलीस का’ विचारायचे तरी पोरगी रडायची.” मग मी तिला क्लिंटनचं स्किट दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं का? प्रयोग म्हणून हो. पण आपली मावशी म्हणजे प्रयोगाचा उंदीर नव्हे, हे मला तिथे बसल्या बसल्या जाणवलं, आणि एबीसीच्या त्या लक्षावधी मावश्यांबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

बाकीचा माल मात्र उतरंडीसारखा. बिनडोक खोडकरांचं एक स्किट आहे. दोघं जण विकत घ्यायचं ते घेतात, नीट पैसे देतात आणि मोठी खोडी काढल्यासारखे खिदळत पळून जातात. पहिल्यांदा मजा येते. तोच विनोद फिरून आला की हातातलं घड्याळ बघावंसं वाटतं. कार्व्हीच्या नकला तर कार्यक्रमात बाहेरच्यासारख्या दिसतात. तो नक्कल करायला लागला की लोक सैलावतात, आणि तेवढ्यात दुसऱ्याच कुणाच्या डोक्यातलं विक्षिप्त काहीतरी येऊन आदळतं. ज्याच्या नावाचा कार्यक्रम, तोच कार्यक्रमात पाहुणा.

पाळण्यातले पाय

मग हा कार्यक्रम ‘हुकलेला हिरा’ कसा झाला? उत्तर सोपं आहे. करेल ‘द ऑफिस’ या गाजलेल्या मालिकेतला मायकेल स्कॉट झाला. कोल्बेअर आधी ‘द डेली शो’त, मग स्वतःच्या कार्यक्रमात, आणि २०१५ मध्ये ‘द लेट शो’च्या खुर्चीत बसला. कॉफमनचे चित्रपट अभ्यासक्रमाला लागावेत असे ठरले. लेखकांतला रॉबर्ट कार्लॉक ‘थर्टी रॉक’ या विनोदी मालिकेपर्यंत पोचला. २००९ मध्ये सगळे आठ भाग डीव्हीडीवर आले. २०१७ मध्ये जॉश ग्रीनबाम याने हुलू या स्ट्रीमिंग सेवेसाठी या कार्यक्रमावर माहितीपट काढला, नाव ‘टू फनी टू फेल’. म्हणजे इतका विनोदी की पडूच शकत नाही, असा दावा नावातच. माहितीपट झकास आहे. पहिल्या भागाच्या आकड्यांची घसरगुंडी आठवून मंडळी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. आपल्या फजितीवर एवढं मोकळं हसणारी माणसं क्वचित दिसतात.

पण बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण आपण नेहमी बाळ मोठं झाल्यावरच वापरतो. आज ते भाग बघणारा प्रेक्षक करेलला बघत असतो. १९९६ चा प्रेक्षक एका अनोळखी माणसाला टेबलापाशी ओकारी दाबताना बघत होता. आजचा प्रेक्षक एकटा, कानात यंत्र घालून, स्वतः शोधून, पाहिजे ते स्किट लावतो, नको ते वगळतो. तेव्हाच्या प्रेक्षकाला बावीस मिनिटांची अख्खी पंगत एका ओळीत वाढली जात होती, सासूसासरे आणि पोरांसकट. दोघांचं मत वेगळं पडणार नाही तर काय होणार? तो भेद अभिरुचीचा आहे असं मानून नंतरच्यांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली, एवढंच.

उलट बाजूच्या लोकांनाही मी एक गोष्ट दाखवतो. त्यांना वाटतं, हा विनोदच टाकाऊ होता, कुठेही पडलाच असता. याच कार्यक्रमात जे. जे. सेडलमायर यांच्या स्टुडिओने काढलेलं एक छोटं कार्टून होतं. एस आणि गॅरी नावाचे दोन सुपरहीरो, पोलादी दंडांचे, आणि त्यांचं आपसात नेमकं काय चाललंय या शंकेने खलनायकांसह सगळं जग हैराण. आवाज कोल्बेअर आणि करेलचे, कल्पना स्मायगलची. मंगळवारी साडेनऊला हे आलं आणि गेलं, फारसं कुणाला कळलंही नाही. त्याच वर्षीच्या पानगळीत स्मायगलने ते उचलून ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’वर नेलं. तेच आवाज, तेच दंड. तिथे ते वर्षानुवर्षं चाललं. बदललं होतं फक्त वार आणि वेळ.

आठवा भाग, जो १९९६ मध्ये कुणी बघितलाच नाही, तो भाच्याने आणि मी त्याच रात्री लावला. भांडी घासून झाली होती, मावशी आत कधीच झोपली होती. लावताना सवयीने भिंतीकडे बघितलं. साडेअकरा वाजून गेले होते. आवाज कमी ठेवून बघावं लागलं, आणि दोघंही उशीत तोंड खुपसून हसत होतो.